‘एकदाचं ठरव’ असे म्हणण्यापूर्वी : उभयलैंगिक व्यक्तींविषयीचे पूर्वग्रह कसे ओळखावेत

घरातल्या, वर्गातल्या किंवा मित्रमंडळींतल्या कोणीतरी ‘मला स्त्रियाही आवडतात आणि पुरुषही’ असे सांगितले, आणि ते ऐकून आपल्याला नेमके काय वाटले हे ज्यांना स्वतःलाच नीट उमगलेले नाही, अशा वाचकांसाठी हे लिहीत आहे. उघड द्वेष करणाऱ्यांसाठी हे लेखन नाही, कारण त्यांना आपल्या मनात काय आहे ते ठाऊक असते. उभयलैंगिक माणसाच्या वाट्याला येणारा पूर्वग्रह बहुतेक वेळा सल्ला, काळजी किंवा थट्टा होऊन येतो आणि त्या सगळ्यांच्या तळाशी अविश्वास असतो. म्हणूनच तो बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही आणि ऐकणाऱ्याला मात्र नेमका लागतो.

सुरुवात कागद-पेन घेऊन करावी असे मी सुचवीन. ‘उभयलैंगिक’ किंवा ‘बायसेक्शुअल’ हा शब्द ऐकल्यावर मनात आलेली पहिली पाच-सहा वाक्ये, ती कितीही ओशाळवाणी असली तरी, जशीच्या तशी लिहून काढावीत. कोणाला दाखवायची नाहीत. पुढचे वाचताना तो कागद शेजारी असू द्यावा.

माझ्या कागदावरचे पहिले वाक्य कोणते होते ते सांगते. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विषयीचा निकाल आला, त्याच आठवड्यात माझ्या भावाचा मुलगा मला संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरायला घेऊन गेला. शालिनी पॅलेसच्या बाजूला बसल्यावर बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून तो म्हणाला, “आत्ती, मला पोरी पण आवडत्यात आणि पोरं पण.” मी पंचवीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवलेली, वर्तमानपत्रातला निकाल सकाळीच वाचून ‘बरे झाले’ असे म्हणालेली बाई. मी त्याला उत्तर दिले, “अरे, मग काय ते एकदाचं ठरव की.” तो हसला आणि विषय बदलला. त्या हसण्याचा अर्थ कळायला मला आठ महिने लागले.

आधी शब्द साफ करावा

आपल्या गोंधळाचे निम्मे मूळ शब्दातच आहे. मराठी वृत्तपत्रे ‘बायसेक्शुअल’साठी सर्रास ‘उभयलिंगी’ हा शब्द वापरतात; पण शाळेत जीवशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात उभयलिंगी म्हणजे गांडूळ किंवा जास्वंदीचे फूल असते, म्हणजे ज्याच्या एकाच शरीरात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात असा जीव. तोच शब्द माणसाला लावला की ऐकणाऱ्याला वाटते, या मुलाच्या शरीरातच काहीतरी वेगळे आहे. शरीराचा येथे काही संबंध नाही. प्रश्न आकर्षणाचा आहे, आणि म्हणून ‘उभयलैंगिक’ हा शब्द, जरा जड वाटला तरी, अधिक बरा. बोलताना तरुण मंडळी नुसते ‘बाय’ म्हणतात.

कोल्हापूर भागात या गोंधळात आणखी एक भर पडते. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या, साडी नेसणाऱ्या जोगत्यांची परंपरा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे कोणी ‘तसा’ आहे असे कळले की जुन्या पेठांतल्या माणसाच्या मनात थेट जोगत्या किंवा तृतीयपंथी उभा राहतो. आपण स्वतःला पुरुष मानतो, स्त्री मानतो की आणखी काही, हा लिंगभावाचा प्रश्न आहे. आपले मन आणि शरीर कोणाकडे ओढले जाते, हा लैंगिक कलाचा प्रश्न आहे. तृतीयपंथी व्यक्तीही उभयलैंगिक असू शकते, आणि तालमीत रोज जोर-बैठका मारणारा, मिशीला पीळ देणारा गडीही. पेहरावावरून, चालण्यावरून किंवा आवाजावरून काहीही ओळखता येत नाही.

उभयलैंगिक व्यक्ती म्हणजे जिला एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींविषयी प्रेमाचे किंवा शारीरिक आकर्षण वाटू शकते अशी व्यक्ती. हे आकर्षण दोन्हीकडे तराजूत तोलल्यासारखे समान असलेच पाहिजे असे नाही, एकाच वेळी असले पाहिजे असेही नाही, आणि दोन्ही प्रकारचे संबंध प्रत्यक्षात आलेले असले पाहिजेत असे तर मुळीच नाही. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड किन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली शून्यापासून सहापर्यंतची एक पट्टी मांडली होती. तिच्या एका टोकाला केवळ भिन्नलिंगी आणि दुसऱ्या टोकाला केवळ समलिंगी अनुभव व ओढ असलेली माणसे होती, आणि मधल्या पायऱ्यांवरही माणसे सापडत होती. त्या पट्टीवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तही होती, कारण माणसाचे मन एका आकड्यात मावत नाही. तरीही माणसे दोन बंद खोल्यांत विभागलेली नसतात, एवढी गोष्ट तिने सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी जगापुढे ठेवली. आपण अजून दोन खोल्यांतच विचार करतो.

‘तळ्यात की मळ्यात?’

आता कागदावरच्या वाक्यांकडे वळू. बहुतेकांच्या कागदावर गोंधळाविषयीचे एखादे वाक्य असेलच. ‘अजून कळलेले नाही’, ‘वयाचा परिणाम आहे’, ‘तळ्यात-मळ्यात चालले आहे’, ‘दोन दगडांवर पाय ठेवला आहे’, किंवा चहाच्या गाड्यावरचे ‘डबल ढोलकी आहे रे’. भाषा आपल्याला हे सगळे शब्द तयार देते आणि प्रत्येक शब्दात एक निकाल आधीच दिलेला असतो, तो म्हणजे दोनच जागा खऱ्या आहेत आणि हा माणूस त्यांपैकी एकीवर उभा राहायला कचरतो आहे.

तळ्यात-मळ्यात हा खेळ आठवून पाहावा. त्यात रेघ आखणारा आणि ‘तळ्यात’, ‘मळ्यात’ असे ओरडणारा गडी बाजूला उभा असतो. उड्या मारायची वेळ इतरांवर येते आणि चुकीच्या बाजूला पाय पडला की माणूस बाद होतो. उभयलैंगिक माणसाबाबत हेच घडते. तो स्वतः आपल्या जागी स्थिर असतो. मैत्रीण असली की लोक त्याला ‘सुधारला’ म्हणतात, मित्राशी जवळीक दिसली की ‘खरे तर गेच होता’ म्हणतात, आणि या आरोळ्यांनुसार त्याने उड्या मारल्या नाहीत की त्याला गोंधळलेला ठरवतात.

आपल्या कलाविषयी काही माणसांच्या मनात खरोखरच काही काळ गोंधळ असतो, आणि काही जण आधी स्वतःला बाय म्हणवून पुढे समलिंगी म्हणवतात, हेही खरे आहे. आपल्या समाजात ‘मी समलिंगी आहे’ हे वाक्य एका दमात उच्चारणे इतके कठीण आहे की कोणी ते दोन टप्प्यांत उच्चारले तर नवल वाटायला नको. परंतु एखाद्याने कोल्हापूरहून पुण्याला जाताना कराडला मुक्काम केला म्हणून कराडमध्ये राहणारी सगळी माणसे प्रवासीच आहेत असे आपण समजत नाही.

या वाक्याची तपासणी करण्याची एक सोपी रीत आहे. तेच वाक्य भिन्नलिंगी माणसाला म्हणून पाहावे. ‘तुला मुलीच आवडतात हे तू मुलांचा अनुभव न घेता कसे ठरवलेस?’ असा प्रश्न आपण भाच्या-पुतण्यांना कधी विचारत नाही. एकाकडून आपण पुरावा मागत नाही आणि दुसऱ्याकडून सतत मागतो. माझ्या मते उभयलैंगिकांविषयीच्या सगळ्या पूर्वग्रहांचा गाभा या पुराव्याच्या मागणीत आहे, आणि तो पुरावा कसाही दिला तरी पुरत नाही. एकाच व्यक्तीबरोबर संसार केला तर बाय असल्याचा पुरावा नाही, आणि आयुष्यात दोन्ही प्रकारची नाती येऊन गेली तर तो बदफैलीपणाचा पुरावा.

स्थळांच्या बाजारातला युक्तिवाद

आपल्या भागात सर्वांत जास्त ऐकू येणारे आणि सर्वांत शहाणपणाचे वाटणारे वाक्य मात्र वेगळे आहे. ‘तुला मुलीही आवडतात ना? मग अडचण कुठे आहे? मुलीशी लग्न कर आणि मोकळा हो.’ मुलींच्या बाबतीत हेच वाक्य अधिक कडक आवाजात म्हटले जाते, कारण तिच्यासाठी स्थळे पाहण्याचे काम तिच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षीच सुरू झालेले असते. या वाक्यात क्रौर्य दिसत नाही. त्यात आईवडिलांची सुटका दिसते: समलिंगी असता तर काही इलाज नव्हता, पण येथे तर अर्धा दरवाजा उघडा आहे!

या युक्तिवादातली चूक समजायला कोल्हापूरकरांना फार लांब जायला नको. शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. दुसऱ्या जातीतल्या मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलाला तेव्हाही घरचे सांगत असतील, आणि आजही कितीतरी घरांत सांगितले जाते, की ‘अरे, जातीतलीही एखादी मुलगी तुला आवडू शकेलच की’. हे वाक्य खरेही असेल. पण त्याला आवडलेली मुलगी ही आहे. दुसरी कोणी आवडू शकली असती ही शक्यता, जी आवडली आहे तिला सोडण्याचे कारण होत नाही. उभयलैंगिक माणसाकडे ‘पर्याय’ असतो असे म्हणणारे लोक नेमके एवढेच विसरतात. प्रेम करताना कोणीही लिंगाची यादी समोर ठेवून त्यातून सोयीचे नाव निवडत नाही. एका व्यक्तीवर प्रेम जडते आणि ती व्यक्ती आपल्याच लिंगाची निघाली तर उभयलैंगिक माणसाची अडचण समलिंगी माणसाइतकीच पूर्ण असते.

ही अडचण कायद्याचीही आहे. नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे खासगी संबंध कलम ३७७ च्या गुन्ह्यातून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीच्या सुप्रियो खटल्याच्या निकालात मात्र समलिंगी विवाहांना मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. म्हणजे उभयलैंगिक माणसाच्या संभाव्य नात्यांपैकी एकाला मांडव, आहेर, वारसा आणि विम्यावरचे नाव मिळते आणि दुसऱ्याला यातले काहीही आपोआप मिळत नाही. अशा स्थितीत त्याने पहिले नाते पत्करले तर त्याला आपण ‘शेवटी नीट झाला’ असे म्हणतो. एका बाजूला एवढी वजने टाकून ठेवली असताना पारडे कोणीकडे झुकले यावरून माणसाच्या मनाचा निष्कर्ष काढणे कितपत न्याय्य आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

लग्नाच्या संदर्भात आणखी एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. होणाऱ्या जोडीदाराला सांगावे की नाही? उभयलैंगिक असणे ही काही लपवलेली व्याधी नव्हे; ते न सांगणे म्हणजे फसवणूक असे मी मानत नाही. चालू असलेले नाते लपवून दुसऱ्याच्या गळ्यात माळ घालणे ही मात्र फसवणूक आहे, मग ते लपवलेले नाते पुरुषाशी असो की स्त्रीशी. या दोन गोष्टी आपल्याकडे एकत्र कालवल्या जातात. माझे मत असे, की ज्याच्याशी आयुष्य काढायचे त्याला हे ठाऊक असणे दोघांच्याही सुखाचे आहे. पण ते कधी आणि कसे सांगायचे हा निर्णय त्या दोघांचा आहे, त्यात मामा, काका आणि लग्न जुळवणाऱ्यांना जागा नाही.

‘याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?’

दोन्ही आवडतात, म्हणजे एकाने समाधान होणार नाही. आज ना उद्या दुसरीकडे जाणारच. हे वाक्य इतके सहज पटते की त्याची तपासणी कोणी करत नाही. ज्या पुरुषाला केवळ स्त्रिया आवडतात त्यालाही जगातल्या कोट्यवधी स्त्रियांपैकी अनेकींविषयी आकर्षण वाटू शकते. तरी लग्नानंतर तो एकनिष्ठ राहील असे आपण गृहीत धरतो, निदान तशी अपेक्षा ठेवतो. निष्ठा ही आकर्षणाच्या व्याप्तीवर अवलंबून नसते. ती माणसाच्या शब्दावर आणि स्वभावावर अवलंबून असते. काही उभयलैंगिक माणसे बेइमान असतात, कारण काही माणसे बेइमान असतात.

याच पोटातला दुसरा आरोप आजाराचा आहे. एड्सच्या साथीच्या काळात उभयलैंगिक पुरुषांकडे समलिंगी पुरुषांकडून घरातल्या बायकांपर्यंत रोग पोहोचवणारा पूल म्हणून पाहिले गेले आणि ती प्रतिमा अजून टिकून आहे. एचआयव्हीचा विषाणू माणसाची ओळख विचारत नाही. असुरक्षित संबंध, दूषित सुई, तपासणी न केलेले रक्त आणि संसर्ग झालेल्या आईकडून बाळाला, हे त्याचे मार्ग आहेत. उलट, ज्याला आपली ओळख डॉक्टरांपासूनही लपवावी लागते तो तपासणीला उशीर करतो. येथे पूर्वग्रह स्वतःच आजाराला मदत करतो.

स्त्रीला एक, पुरुषाला दुसरा

उभयलैंगिक स्त्री आणि उभयलैंगिक पुरुष यांच्यावरचा अविश्वास एकाच जातीचा नसतो. स्त्री असेल तर ‘हे सगळे पुरुषांना खूश करण्यासाठी’ किंवा ‘अजून योग्य पुरुष भेटलेला नाही’ असे म्हणतात, तिची ओळख ही पुरुषांच्या करमणुकीची वस्तू मानतात, आणि समाजमाध्यमांवर तिला तिघांच्या संबंधांची आमंत्रणे येऊ लागतात. पुरुष असेल तर ‘हा पक्का गे आहे, धाडस नाही म्हणून असे सांगतो’ असे म्हणतात. दोन्हीकडचा निष्कर्ष पाहिला तर गंमत वाटते. स्त्रीचे खरे आकर्षण पुरुषांकडे आणि पुरुषाचेही खरे आकर्षण पुरुषांकडे! जणू पुरुषाखेरीज कोणी कोणाला खरोखर आवडूच शकत नाही.

शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्वतःला उभयलैंगिक म्हणवणाऱ्या पुरुषांच्या शारीरिक प्रतिसादात तसा पुरावा आढळत नाही असे म्हटले, आणि वृत्तपत्रांनी त्याचा अर्थ ‘असे पुरुष खोटे बोलतात’ असा लावला. २०११ साली त्याच विद्यापीठात, सहभागी व्यक्तींची निवड अधिक काटेकोरपणे करून, पुन्हा प्रयोग झाला तेव्हा दोन्ही लिंगांना मिळणारा प्रतिसाद स्पष्ट दिसला. आणि २०२० साली जुन्या-नव्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासून पुरुषांमधील उभयलैंगिकता खरी असल्याचे मांडले गेले, त्या लेखकांत पहिल्या प्रयोगातले संशोधकही होते. मला या प्रकरणात शोधापेक्षा मूळ प्रश्न अधिक बोलका वाटतो. माणसे स्वतःच्या तोंडाने सांगत असताना ते खरे मानायला यंत्राची साक्ष काढावी लागली.

दुसऱ्या बाजूचा दरवाजा

समलिंगी मंडळींच्या वर्तुळात तरी उभयलैंगिक माणसाला निवारा मिळत असेल असे बाहेरच्याला वाटते. अनेकदा तसे होत नाही. ‘तुला काय, तू उद्या लग्न करून मोकळा होशील’, ‘तू निम्मा आमचा’, असे टोमणे तेथेही मिळतात आणि ते घरच्या टोमण्यांपेक्षा जास्त लागतात.

या संशयाला कारण आहे, हे मान्य करायला हवे. आपल्याकडे घरच्या दबावाखाली असंख्य समलिंगी पुरुषांनी मुलींशी लग्ने केली आहेत. त्यांच्यावर प्रेम करणारा दुसरा पुरुष मागे एकटा राहिला आहे, आणि घरात आणलेल्या त्या मुलीच्या आयुष्याचे काय झाले हे तर कोणी विचारलेही नाही. अशा जखमा असलेल्या माणसाला ‘बाय’ हा शब्द पळवाटेसारखा ऐकू येतो. पण राग ज्या व्यवस्थेवर यायला हवा तो तिथे न पोहोचता शेजारी बसलेल्या माणसावर निघतो. सगळीकडे असेच आहे असे मात्र नाही. मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’ या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे ‘लेबिया’ (लेस्बियन्स अँड बायसेक्शुअल्स इन अ‍ॅक्शन) झालेल्या गटाने लेस्बियन स्त्रियांबरोबर बायसेक्शुअल स्त्रियांनाही आपल्या नावातच जागा दिली होती.

न दिसणे कसे पाहावे

पुढच्या वेळी रंकाळ्यावर किंवा राजारामपुरीत फिरताना स्वतःच्या नजरेवर लक्ष ठेवून पाहावे. एक स्त्री आणि एक पुरुष हातात हात घालून चालले असतील तर आपण त्यांना काय समजतो? दोन मुली तशा चालल्या असतील तर काय समजतो? जोडीदाराकडे पाहून माणसाची ओळख ठरवण्याची ही सवय इतकी अंगवळणी पडलेली आहे, की त्या हिशेबात उभयलैंगिक माणूस कधी सापडतच नाही. दोन मुले, हप्त्यावरचे घर आणि वीस वर्षांचा सुखाचा संसार असलेली एखादी बाई उभयलैंगिक असू शकते, तिला ते कळून पंधरा वर्षे झालेली असू शकतात आणि तिने कोणाचाही विश्वासघात केलेला नसू शकतो. तिला पाहण्याची आपली तयारी नसते एवढेच.

याचा परिणाम आकड्यांतही उमटतो. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आपल्या आयुष्यातील बहुतेक महत्त्वाच्या माणसांना आपली ओळख ठाऊक आहे असे सांगणारे समलिंगी पुरुष ७७ टक्के आणि समलिंगी स्त्रिया ७१ टक्के होत्या. उभयलैंगिकांमध्ये हे प्रमाण २८ टक्केच होते. नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाणही उभयलैंगिकांत समलिंगी व्यक्तींपेक्षा अनेकदा जास्त आढळते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यास दाखवतात. दोन्ही घरांची दारे अर्धी मिटलेली असली की माणूस अंगणातच राहतो, आणि अंगणात किती दिवस काढणार?

मदत लागली तर कायदा बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही. कल ‘बदलून देण्याचे’ तथाकथित उपचार हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. त्यामुळे एखाद्या समुपदेशकाने ‘निम्मे तर बरोबरच आहे, उरलेले निम्मे बरे करू’ असे आश्वासन दिले तर तेथून उठून यावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.

कोणी सांगितले तर

पहिले वाक्य लहान असावे. ‘सांगितलेस ते बरे केलेस’ एवढे पुरते. त्यानंतर थोडा वेळ गप्प राहणे जमले तर फार उत्तम, पण कोल्हापुरात ते अवघड आहे याची मला कल्पना आहे.

‘जास्त कोण आवडते?’, ‘किती जणांशी?’, ‘कधीपासून?’ असे प्रश्न विचारू नयेत. ते पुराव्याचेच प्रश्न आहेत. विचारायचेच असेल तर ‘आणखी कोणाला ठाऊक आहे?’ आणि ‘मी कोणाशी बोललेले तुला चालेल?’ हे दोन विचारावेत. दुसरा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपल्या गावात महाद्वार रोडवर सकाळी बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत शिवाजी पेठेत पोहोचते, आणि तेथून आजोळी. परवानगीशिवाय आईलाही सांगू नये. ‘काळजीपोटी सांगितले’ हे कारण मी स्वतः देऊन पाहिले आहे. ते टिकत नाही.

चारचौघांत ‘डबल ढोलकी’ची थट्टा चालली असेल तर भाषण देण्याची गरज नाही. ‘म्हणजे काय?’ असे शांतपणे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. विनोद समजावून सांगायला लागला की सांगणाऱ्यालाच त्यातले काय ते दिसू लागते. शिक्षकांनी ‘समलिंगी’ आणि ‘तृतीयपंथी’ या शब्दांबरोबर ‘उभयलैंगिक’ हाही शब्द वर्गात एकदा सरळ उच्चारावा. मागच्या बाकावर कोणीतरी तो पहिल्यांदा ऐकत असते.

आधीच चुकीचे बोलून झाले असेल तर

माफी मागावी, थोडक्यात मागावी आणि स्वतःच्या पिढीचे संस्कार, वाचन, काळजी यांचे पुराण लावू नये. आठ महिन्यांनी मी फोन करून भाच्याला म्हणाले, “त्या दिवशी मी ‘ठरव’ म्हणाले ते चुकले. तुझं ठरलेलं होतं, मला समजलं नव्हतं.” तो म्हणाला, “बरं आत्ती. जेवलीस का?” त्याच्यापुरता विषय तेवढाच होता.

खरी परीक्षा मात्र पुढे असते आणि ती बहुतेक जण नापास होतात. उभयलैंगिक माणसाचे नाते दुसऱ्या लिंगाच्या व्यक्तीशी जुळले की घरात एक सुस्कारा ऐकू येतो. त्या सुस्काऱ्यात आधीचे सगळे ‘समजून घेणे’ वाहून जाते, कारण त्याचा अर्थ असा होतो की आपण इतके दिवस नुसते थांबलो होतो. मागच्या वर्षी भाच्याचे इचलकरंजीच्या एका मुलीशी ठरले. तिला सगळे ठाऊक आहे, त्यानेच तिसऱ्या भेटीत सांगितले. वहिनी पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्याकडे आल्या आणि दारातच म्हणाल्या, “वन्सं, देवीनं ऐकलं बघा, पोरगं मार्गाला लागलं.” मी पेढा हातात घेतला आणि त्यांना विचारले, “वहिनी, हा पेढा कशाचा? मुलगी चांगली आहे म्हणून, का मुलगी आहे म्हणून?”

वहिनी बराच वेळ पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, “चहा टाका आधी.”